चिलगोजा: बीपासून रोपापर्यंत

सुक्या मेव्यातला महागडा चिलगोजा म्हणजे एका पाइन वृक्षाची बी. हिमाचल प्रदेशातल्या किन्नौरमध्ये, सतलजच्या खोऱ्यातल्या खडकाळ उतारांवर, साधारण १,८०० ते ३,००० मीटर उंचीवर हा वृक्ष वाढतो. तिथे पाऊस कमी आणि हिवाळ्यात बर्फ. लखनौच्या बीरबल साहनी संस्थेतील शास्त्रज्ञांनी इथल्या खोडांतल्या वाढवलयांवरून हजार वर्षांहून मागे जाणारा कालक्रम बांधला आहे. एवढे आयुष्य लाभलेल्या झाडाचे बालपण मात्र फार नाजूक असते.

लावायला बी ताजी हवी. बाजारातले चिलगोजे बहुधा भाजलेले असतात, ते रुजत नाहीत. कच्ची बीसुद्धा तेलकट असल्यामुळे साठवणीत तिची उगवणशक्ती घटत जाते. शरदात शंकू पिकले, की त्यांतल्या बिया काढून दिवसभर पाण्यात भिजवाव्यात. पोकळ बिया तरंगतात, त्या काढून टाकाव्यात.

भरीव बिया ओलसर वाळूत मिसळून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवाव्यात. डोंगरावर गळलेली बी हिवाळाभर बर्फाखाली पडून असते. तोच ओला गारवा इथे मिळाला, की बिया लवकर आणि एकसारख्या उगवतात.

पेरणीसाठी उंच पिशवी घ्यावी. रोप वर बोटभरच दिसते, पण त्याचे सोटमूळ सरळ खाली धावत असते. कोरड्या उतारावर वरची माती उन्हाळ्यात तापून सुकते. त्याआधी मूळ खोल ओलीपर्यंत पोचले, तरच रोप जगते. पिशवी उथळ असेल तर मूळ तळाशी गुंडाळते आणि पुढे झाड कमजोर राहते. मातीत निम्मी जाड वाळू असावी. जुन्या चिलगोज्याखालची मूठभर माती मिसळली, तर मुळांना पाणी आणि क्षार मिळवून देणारी बुरशी सोबत येते.

बी दीड-दोन सेंटिमीटर खोल पेरावी आणि वर जाळी लावावी, कारण उंदीर आणि पाखरे दोघांनाही ती आवडते. कोंब टरफलाची टोपी घेऊन वर येतो. ती ओढून काढू नये, आपोआप गळते. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. पाणी साचले, की बुरशीने रोप बुंध्याशी कुजून कोलमडते. थंडीपेक्षा या ओलीनेच अधिक रोपे जातात.

रोप काही वर्षे रोपवाटिकेतच सांभाळावे लागते. मग मुळांभोवतीच्या मातीसकट ते उतारावर लावायचे. शंकू धरायला पुढे दशके लागतात.

जंगलात हे काम झाड स्वतःच करत आले आहे. पण किन्नौरमध्ये शंकू उघडण्याआधीच उतरवले जातात, अनेकदा फांद्याही तुटतात, आणि जमिनीवर रुजायला बी उरत नाही. त्यामुळे वठणाऱ्या झाडांची जागा घेणारी रोपे कमी पडतात. रोपवाटिका ही उणीव थोडीफारच भरून काढू शकते. म्हणून दर हंगामात निरोगी झाडांवर काही शंकू न तोडता ठेवणे, हाच चिलगोजा वाढवण्याचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.