उत्पन्नाचा दाखला न मागणारं ताट

वऱ्हाडात सरकारी कामाला निघायचं म्हणजे आधी पिशवी भरायची: सातबारा, आधार, राशन कार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि साऱ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स. तरी खिडकीवर गेल्यावर एखादा कागद कमी पडतोच. अशा मुलखात, सातपुड्याच्या पायथ्याच्या तेल्हारा तालुक्यात, हिवरखेडच्या जिल्हा परिषद शाळेत मधल्या सुट्टीत पोरं हात धुऊन रांगेनं बसतात आणि ताटात खिचडी पडते. तुझा बाप किती कमावतो, असं कुणी विचारत नाही. दहा एकरवाल्याचा पोरगा आणि रोजानं निंदायला जाणाऱ्या बाईची पोरगी एकाच गंजातलं खातात. हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की यात नवल काय, असंच वाटेल.

नवल कळायला अमेरिकेत डोकवावं लागतं. तिथे शाळेतल्या जेवणाचा कायदा १९४६ चा, म्हणजे आपल्या योजनेपेक्षा जवळपास अर्ध्या शतकानं जुना. पण तिथल्या बहुतेक शाळांत वर्षानुवर्षं मुलांचे तीन गट पडत आले. घरचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण फुकट. १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत, जास्तीत जास्त ४० सेंट. त्यावर असेल तर पूर्ण पैसे. आईबापांनी फॉर्म भरायचा, मिळकत लिहायची. ज्यांना फॉर्म भरायला जमत नाही किंवा लाज वाटते, त्यांची पोरं पैसे देणाऱ्यांत जातात आणि त्यांच्या नावावर जेवणाची उधारी चढते. उधारी थकली म्हणून मुलापुढचं गरम जेवण उचलून थंड सँडविच ठेवल्याचे प्रकार तिथे घडलेत. अखेर २०१० च्या कायद्यानं गरीब वस्तीतल्या शाळांना मुभा मिळाली: फॉर्म बंद करा, सगळ्यांना जेवू घाला. २०१७ पासून न्यूयॉर्क शहरानं तेच केलं. जगातला सगळ्यात श्रीमंत देश असा हळूहळू हिवरखेडच्या रांगेकडे सरकतो आहे, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

आपली रांग मात्र पहिल्या दिवसापासून अशी नव्हती. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची योजना सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रात मुलांना महिन्याकाठी तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. अट ८० टक्के हजेरीची. आता तीन किलो तांदूळ सहा माणसांच्या घरात किती दिवस पुरणार? तो साऱ्या घराचा व्हायचा, आणि वऱ्हाडातल्या ज्वारी खाणाऱ्या घरात तर त्याचं अप्रूप दोन दिवसांचं. पुढे २००१ साली देशात दुष्काळ होता आणि सरकारी गोदामं मात्र धान्यानं ओसंडत होती. ही विसंगती घेऊन राजस्थानातली पीयूसीएल ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानं राज्यांना सांगितलं की शिजवलेलं अन्न द्या, वर्षाला किमान २०० दिवस द्या. चूल शाळेत पेटली आणि घास थेट पोराच्या पोटात गेला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं तर सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीपर्यंतच्या मुलांचा तो हक्कच झाला. २०२१ पासून योजनेचं नाव ‘पीएम पोषण’. गुरुजी अजून ‘शापोआ’, म्हणजे शालेय पोषण आहार, म्हणतात आणि पोरं नुसती ‘खिचडी’.

आता त्या खिचडीकडे वळू, कारण खरी गंमत तिच्यात आहे. पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे नियम असा: तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २०, भाजी ५०, तेल ५. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. हिशेब करून पाहा. तांदळाचे साधारण ३४५, डाळीचे ७०, तेलाचे ४५. भाजीचे धरलेही नाहीत तरी आकडा जुळतो. प्रथिनांचं तर याहून भारी आहे. आपलं शरीर प्रथिनं जोडतं ती अमिनो आम्लांपासून, आणि त्यातलं एखादं आवश्यक आम्ल कमी पडलं तर बाकीची असूनही पुरती वापरता येत नाहीत. तांदळात लायसिन कमी, मेथिओनिन बऱ्यापैकी. तुरीच्या डाळीत नेमकं उलटं. एकाची उणीव दुसरं भरून काढतं, तेही पोराच्या पोटात एकाच वेळी. तुरीच्या या मुलखात आज्यांनी हे रसायनशास्त्र न शिकता कित्येक पिढ्या रांधलं.

तांदळात अलीकडे एक पाहुणा आलाय. निवडायला बसलं की मधेच वेगळ्या रंगाचे, जरा चकचकीत दाणे दिसतात, आणि ‘प्लास्टिकचा तांदूळ’ आल्याची आवई गावोगाव उठते. ते दाणे तांदळाच्याच पिठाचे असतात. पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून यंत्रातून पुन्हा दाण्याचा आकार देतात आणि साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात घालतात. म्हणून ते वेचून टाकू नयेत.

हे सगळं किती पैशांत? तांदूळ केंद्राकडून फुकट. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि जळण यांसाठी मे २०२५ पासून पहिली ते पाचवीच्या ताटामागे ६ रुपये ७८ पैसे. बसस्टँडवरच्या टपरीत एवढ्यात धड कटिंगही येत नाही. यात रांधण्याची मजुरी धरलेली नाही. ती धरूनही ताट स्वस्तच पडतं, त्याचं कारण चुलीपाशी उभं असतं. स्वयंपाकी आणि मदतनीस बायांसाठी केंद्रानं २००९ मध्ये महिन्याला हजार रुपये ठरवले, ते आजवर तिथेच आहेत. राज्यानं भर घालून अडीच हजार केले. ताटाचं कौतुक करताना हा हिशेब गिळणं मला जड जातं.

पण त्या ताटाचं सगळ्यात मोठं काम पाऊस दडी मारतो तेव्हा दिसतं. आंध्रातल्या मुलांच्या वाढीचा बरीच वर्षं मागोवा घेऊन २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दुष्काळात खुंटलेली मुलांची वाढ शाळेतल्या जेवणानं भरून काढल्याचं त्यात दिसलं. उत्पन्नाचा दाखला तर असतो गेल्या सालचा. सप्टेंबरात कपाशी वाळली तर गेल्या साली बरं कमावलेलं घर यंदा उपाशी असू शकतं, आणि कागदावर ते खातंपितंच राहतं. कुणालाच काही न विचारणाऱ्या ताटाला ही चूक करताच येत नाही. ते आधीपासून समोर असतं. २००४ मध्ये न्यायालयानं आणखी पुढे जाऊन सांगितलं की दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण द्या.

२०२१ चा एक अभ्यास तर चक्रावून टाकतो. शाळेत ज्या मुलींना हे जेवण मिळालं, त्या पुढे आया झाल्या तेव्हा त्यांच्या लेकरांची उंची वयाच्या मानानं जास्त भरली. जेवली आई, वाढलं लेकरू, आणि मधे दहा-पंधरा वर्षांचं अंतर! अर्थात शाळेत टिकलेल्या मुलींचं लग्नही उशिरा झालं, शिक्षणही जास्त झालं. खिचडीनं किती केलं आणि शाळेनं किती, हे वेगळं काढणं अवघडच.

विदर्भात उन्हं तापली की शाळा सकाळची होते. पोरं सातच्या सुमारास येतात, पुष्कळदा नुसत्या चहावर. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळेत नाश्ताही असावा असं लिहिलंय. तमिळनाडूनं सप्टेंबर २०२२ पासून सरकारी शाळांतल्या पहिली ते पाचवीच्या मुलांना तो द्यायला सुरुवातही केली. आपल्याकडे चूल अजून दुपारच्याच जेवणाची आहे.