आपले नाव कोणत्या वहीत?

सिंगापूरला नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला मंडळाचे सभासद व्हायला फार काही करावे लागत नाही. अर्ज भरायचा, वर्गणी द्यायची, की झाले. वसईहून किंवा नगरहून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना वाटते की चर्चचेही असेच असेल. "इथल्या चर्चचे मेंबर व्हायला काय लागते?" हा प्रश्न मला बरेचदा विचारला जातो. आपल्या हिंदू मित्रांचा प्रश्न थोडा वेगळा असतो, "तुमचे चर्च कोणते, हे ठरवतो कोण?" दोन्हींचे उत्तर एकत्रच देतो.

प्रथम कॅथलिकांविषयी. वसईत आपण ज्याला धर्मग्राम म्हणतो तेच इथले पॅरिश. सिंगापूरच्या महाधर्मप्रांतात अशी तीसहून अधिक पॅरिशेस आहेत. २०२०च्या जनगणनेनुसार पंधरा वर्षांवरील रहिवाशांपैकी ७ टक्के कॅथलिक आहेत आणि इतर ख्रिस्ती धरून हे प्रमाण १८.९ टक्के होते. पॅरिश म्हणजे केवळ इमारत नव्हे. ठरावीक हद्दीत राहणारी माणसे म्हणजे पॅरिश. १९८३च्या धर्मसंहितेप्रमाणे बाप्तिस्मा झालेला कॅथलिक एखाद्या हद्दीत कायम राहण्याच्या इराद्याने आला, किंवा पाच वर्षे राहिला, की तो तिथला होतो. निदान तीन महिने राहायचे ठरवून आलेल्यालाही तिथले धर्मगुरू हेच आपले धर्मगुरू असतात. म्हणजे दोन वर्षांच्या नोकरीवर आलेला माणूसही पाहुणा नव्हे. अर्ज नाही, वर्गणी नाही. रविवारी ताटात काय टाकायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे.

मग नाव नोंदवायचे कशाला? कारण आपण आलो आहोत हे धर्मगुरूंना स्वप्नात दिसत नाही. शिवाय इथे मिस्सेला कुठेही जाता येते. तमिळ मिस्सेसाठी लोक दुरून ऑफिर रोडवरच्या १८८८ सालच्या अवर लेडी ऑफ लूर्डस् चर्चमध्ये जातात. कोणी मँडरिनसाठी, कोणी सोयीच्या वेळेसाठी आणखी कुठे. त्यात गैर काही नाही. पण असे फिरत राहिले की आपल्याला कुणीच ओळखत नाही. म्हणून घर लागले की पॅरिशच्या ऑफिसात जाऊन नाव, पत्ता आणि मुलांची वये सांगून यावे.

सोबत बाप्तिस्म्याचा दाखला असावा. हा दाखला ज्या नोंदवहीतून निघतो ती वही कुठेही बदलून जात नाही. माणिकपूरला किंवा नंदाखालला बाप्तिस्मा झालेल्या मुलाचे दृढीकरण सिंगापूरला झाले, पुढे लग्नही इथेच झाले, तर तसे इथून कळवतात आणि त्याच जुन्या नोंदीशेजारी ते लिहिले जाते. लग्नाच्या वेळी जुना पिवळा पडलेला दाखला चालत नाही. सहसा सहा महिन्यांच्या आत काढलेला ताजा मागतात, तो याचसाठी. समासातल्या त्या नोंदी त्यांना पाहायच्या असतात. १९९८ साली वसईचा धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला, पण वह्या चर्चमध्येच राहिल्या. त्यामुळे पत्र बाप्तिस्मा झालेल्या चर्चलाच लिहावे, आणि दोन महिने आधी लिहावे.

नगर-पुण्याकडची बरीच प्रॉटेस्टंट कुटुंबे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची आहेत. १९७० साली नागपूरला अँग्लिकन, मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट अशा सहा मंडळ्या एकत्र येऊन हे चर्च झाले. ते अँग्लिकन परिवाराचा भाग आहे, त्यामुळे सेंट अँड्र्यूज कॅथीड्रलमध्ये किंवा दुसऱ्या अँग्लिकन पॅरिशमध्ये आपण अगदीच परके नसतो. मात्र प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सभासदत्व सहसा राहत्या पत्त्यावरून मिळत नाही, ते मागावे लागते. गावाकडच्या पाळकसाहेबांचे पत्र, बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे दाखले घेऊन इथल्या पाळकांना भेटावे. बाप्तिस्मा पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला असेल, तर कॅथलिक असो वा अँग्लिकन, पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत.

ज्या प्रौढाचा बाप्तिस्माच झालेला नाही, त्याच्यासाठी कॅथलिक पॅरिशमध्ये मोठा उपक्रम असतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला आर.सी.आय.ए. म्हणतात. आठवड्याला एक बैठक, असे बरेच महिने चालते आणि ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा होतो. मधल्या काळात माघार घेता येते. कुणी अडवत नाही. आणि हिंदू मित्रांसाठी एक खुलासा: कॅथलिक मुलीशी चर्चमध्ये लग्न करायला धर्म बदलावा लागत नाही. बिशपची परवानगी लागते. मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्याचा शक्य तेवढा प्रयत्न करीन, असे वचन कॅथलिक जोडीदाराने द्यायचे असते. दुसऱ्याला ते फक्त सांगितले जाते, त्याच्याकडून वचन घेत नाहीत. लग्नाआधी दोघांनी आणि दोन्हीकडच्या आईवडिलांनी हे मोकळेपणाने बोलून घ्यावे.

आता एक नाजूक गोष्ट. इथल्या पहिलीच्या प्रवेशात 'फेज टू-बी' नावाचा टप्पा आहे. शाळेशी थेट संबंध असलेल्या चर्चने शिफारस केली तर नागरिक व पी.आर. यांच्या मुलांना त्यात अर्ज करता येतो. त्यामुळे मूल चार वर्षांचे झाले की काही जणांना एकदम पॅरिश आठवते. मी कुणाला नावे ठेवत नाही. मुलाच्या शाळेची काळजी कुणाला नसते? पण शिफारस मिळाली तरी जागेची हमी नसते. आणि केवळ त्यासाठी आलेले कुटुंब प्रवेशानंतर दिसेनासे झाले, की पुढच्या नवख्या कुटुंबाकडेही लोक संशयाने पाहतात.

शेवटी स्वतःची चूक सांगतो. पहिली पाच वर्षे आम्ही स्टेशनजवळच्या चर्चमध्ये जात असू, शेवटच्या बाकावर बसून, संपताच बाहेर. नाव कुठेच दिले नव्हते. वडील आमच्याकडे आलेले असताना रात्री त्यांचे निधन झाले आणि कुणाला फोन करावा तेच सुचेना. खालच्या मजल्यावरच्या चिनी बाईंना माझ्या पत्नीने एकदा गळ्यात क्रूस घातलेले पाहिले होते, म्हणून तिने त्यांचे दार वाजवले. त्या आमच्याच पॅरिशच्या निघाल्या. सकाळी धर्मगुरू आले. संध्याकाळी ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत पंधरा-वीस अनोळखी माणसे जमली आणि सलग तीन दिवस प्रार्थनेला येत राहिली. कुणीही आम्हाला विचारले नाही की तुम्ही सभासद आहात का.

पुढच्या आठवड्यात मी ऑफिसात जाऊन नाव नोंदवले. ते काम दहा मिनिटांचे होते. नव्याने आलेल्यांनी ते पाच वर्षे लांबणीवर टाकू नये, एवढीच विनंती.