अंतर मोजून घ्यावे

निपाणीच्या आमच्या जुन्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत काकांचा घडीचा कॅमेरा मिळाला. कळ दाबताच झाकण उघडते आणि काळ्या भात्याच्या टोकाशी भिंग पुढे येऊन उभे राहते. घरातील कितीतरी मुंजी-लग्ने याच कॅमेऱ्याने टिपलेली. नव्वदीकडे झुकलेल्या आत्याबाईंचे छायाचित्रही त्यानेच घ्यावे, असे आमच्या मनाने घेतले. त्याला लागणारा १२० क्रमांकाचा रोल १९०१ सालापासून चालत आलेला. तो आजही मिळतो.

रोल धुऊन आला आणि आम्ही खट्टू झालो. आठांपैकी एकाही फोटोत आत्याबाईंचा चेहरा स्पष्ट नव्हता. मागच्या भिंतीवरील कोनाडा मात्र लख्ख! हात हलला असता तर कोनाडाही पुसट झाला असता. म्हणजे भिंग निर्दोष होते, पण त्याची नजर भलत्याच जागी खिळली होती.

अशा कॅमेऱ्यांची दुखणी साधारण तीन. भिंगाची चौकट ढिली होऊन तिरपी झाली, की फोटोची एक बाजू स्वच्छ व दुसरी अंधुक येते. भाता झटक्याने उघडला, तर हवा ओढली जाऊन फिल्म फुगते. म्हणून आधी कॅमेरा उघडावा आणि मगच फिल्म पुढे सरकवावी. तिसरे, साफसफाईसाठी काढलेले पुढचे भिंग चुकीच्या आट्यावर बसले, की अंतराचे सारेच आकडे खोटे ठरतात.

या तिसऱ्या दुखण्याची परीक्षा घरी करता येते. रिकाम्या कॅमेऱ्याची पाठ उघडून, फिल्म ज्या पट्ट्यांवर टेकते तेथे ट्रेसिंग पेपर ताणून लावावा. शटर ‘बी’वर उघडे ठेवून, भिंगाचे छिद्र पूर्ण मोठे करून, अंतराची खूण अनंतावर आणावी आणि दूरची वस्तू पाहावी. बेळगावात शहापूरच्या आमच्या गच्चीवरून आम्ही राजहंसगडाकडे कॅमेरा रोखला. कागदावर गड उलटा, पण रेखीव उमटला. कॅमेरा निर्दोष होता!

मग चूक कोणाची? आमचीच. आत्याबाईंना सुमारे सहा फुटांवर बसवून आम्ही कडे ‘६’वर आणले होते. कड्यावरचे आकडे मीटरचे होते! सहा मीटर म्हणजे जवळजवळ वीस फूट. तेथे होता तो कोनाडा. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, तरी घरातले अंतर आपण अजून फुटांतच बोलतो.

दुसऱ्या वेळी शिवणाची टेप घेतली. खुर्चीपासून भिंगापर्यंत नेमके दोन मीटर मोजले. १०५ मिलिमीटरचे भिंग ४.५ वर पूर्ण उघडे असता एवढ्या अंतरावर पुढेमागे मिळून जेमतेम अर्ध्या-पाऊण फुटाची सूट मिळते. छिद्र ११ पर्यंत लहान केल्यास ती दीड फुटाच्या आसपास जाते. वृद्ध माणूस खुर्चीत थोडे पुढेमागे होणारच, म्हणून आम्ही ११ पत्करले.

या वेळी फोटो उतरला. आत्याबाईंनी तो चष्मा लावून बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाल्या, “एवढ्या सुरकुत्या आहेत होय रे मला? काकाच्या फोटोत नव्हत्या.”

आता तो काकांच्या फोटोंशेजारीच भिंतीवर लागला आहे.