फोटोतला हा मासा कोणता?

अंदमानची सहल आटोपून तुम्ही घरी परतलात. बॅगा अजून उघडायच्या आहेत, पण मोबाइलवरचे फोटो तीनदा पाहून झालेत. स्नॉर्केलिंग करताना काढलेल्या एका फोटोवर बोट ठेवून मुलगी विचारते, "बाबा, हा कुठला मासा?" तुम्ही म्हणता, "निळा-पिवळा मासा." शेजारून आजी विचारते, "खातात का गं हा?" सगळे हसतात आणि फोटो पुढे सरकतो.

खरं तर दोघींच्याही प्रश्नांची उत्तरं त्याच मोबाइलवर मिळू शकतात, तीही फुकट. फक्त कुठे शोधायचं आणि किती विश्वास ठेवायचा, हे माहीत हवं.

आधी फोटो नीट हवा

पाण्यात शिरल्यावर सगळ्यात आधी लाल रंग हरवतो. पाच-सहा मीटर खोल गेलं की लाल मासाही करडा किंवा तपकिरी दिसू लागतो. म्हणून केवळ रंगावरून ओळखायला गेलात तर फसाल. टॉर्च किंवा फ्लॅश असेल तर जवळून वापरा आणि फिल्टर लावण्याआधीचा मूळ फोटो जपून ठेवा.

मासा शक्यतो बाजूने टिपा, म्हणजे तोंड, पर, शेपटी आणि अंगावरचे पट्टे एकत्र दिसतील. एकाच जीवाचे दोन-तीन कोनांतून फोटो असले तर उत्तमच. एक उदाहरण पाहा. क्लीनर रास हा निळा-काळा छोटा मासा मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन त्यांची साफसफाई करतो. अगदी त्याच्यासारखा दिसणारा एक तोतया मासाही आहे. तो साफसफाईच्या बहाण्याने जवळ येतो आणि पराचा लचका तोडतो! दोघांतला फरक तोंडात आहे. खऱ्याचं तोंड थेट समोर असतं, तोतयाचं थोडं खाली, नाकाडाच्या आत. बाजूने काढलेल्या फोटोत हे लगेच कळतं.

आणखी एक गोष्ट. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की त्यात दडलेली तारीख आणि ठिकाणाची माहिती निघून जाते. सहलीतल्या मित्राकडून फोटो मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. पाण्याखाली जीपीएस चालत नाही, त्यामुळे ठिकाण आणि अंदाजे खोली वहीत लिहून ठेवणं चांगलं.

पहिला अंदाज कुठे घ्याल?

'आयनॅचरलिस्ट' हे संकेतस्थळ आणि अ‍ॅप सुरुवातीसाठी सगळ्यात सोयीचं आहे. 2008 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ते सुरू झालं. तुम्ही फोटो, तारीख आणि ठिकाण टाकता. संगणक काही नावं सुचवतो. त्यानंतर जगभरातले जाणकार आणि हौशी अभ्यासक तुमचा फोटो पाहून आपलं मत देतात. प्रजातीच्या नावावर दोन-तृतीयांशांहून जास्त जणांचं एकमत झालं आणि तारीख, ठिकाण नीट असलं, तर त्या नोंदीला संशोधनासाठी योग्य असा दर्जा मिळतो.

घरात लहान मुलं असतील तर त्याच मंडळींचं 'सीक' हे अ‍ॅप द्या. त्यासाठी खातं उघडावं लागत नाही. कॅमेरा रोखला की ते नाव सुचवतं आणि मुलांना बॅजही मिळतात.

गुगल लेन्सही चालेल, पण ते दिसायला सारखे फोटो शोधून देतं. तुम्ही पोहलात अंदमानात आणि ते दाखवेल कॅरिबियन समुद्रातला मासा, असं सहज होऊ शकतं.

ठिकाणाला एवढं महत्त्व का?

'निमो' तर घरोघरी माहीत आहे. पण नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेले क्लाउनफिश दोन प्रकारचे आहेत, ओसेलारिस आणि पर्क्युला. पाठीवरच्या परात साधारणपणे पहिल्याला 11 काटे असतात, दुसऱ्याला 10. पोहत्या माशाचे काटे मोजणार कोण? पण पर्क्युला राहतो पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं आणि ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याकडे. म्हणजे तुमचा अंदमानातला निमो ओसेलारिसच! ठिकाण लिहिलेलं असलं तर काटे न मोजताही उत्तर सापडतं.

मग खातरजमा

अ‍ॅपने नाव सुचवलं की काम संपलं, असं समजू नका. माशाचं नाव मिळालं असेल तर 'फिशबेस' उघडा. तिथे 35 हजारांहून जास्त प्रजातींची माहिती आहे. मासा किती मोठा होतो, किती खोलीवर राहतो, कुठल्या देशांत आढळतो, माणूस त्याचा काय उपयोग करतो, तो विषारी आहे का, हे सगळं एका पानावर मिळतं. अनेक भाषांतली स्थानिक नावंही तिथे नोंदवलेली आहेत. आपला बांगडा शास्त्रीय नावाने 'रॅस्ट्रेलिगर कानागुर्टा' आहे, हे सांगून आजीला चकित करता येईल.

खेकडे, माकूळ, समुद्रफुलं, प्रवाळ, तारामासे हे 'मासे' नाहीत. त्यांच्यासाठी 'सीलाइफबेस' हे फिशबेसचं भावंड आहे. शास्त्रीय नावं कधी कधी बदलतात. सध्या कुठलं नाव मान्य आहे हे पाहायचं असेल तर 'वर्म्स' ही सागरी जीवांची जागतिक नोंदवही आहे. तिच्यात दोन लाखांहून जास्त प्रजाती आहेत.

डायव्हिंग येत नसेल तर?

काही बिघडत नाही. ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावरच्या डबक्यांतही भरपूर पाहायला मिळतं. मुंबईत 2017 पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम लोकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर फिरवतो. एवढ्या गजबजलेल्या शहराच्या काठावर प्रवाळ, ऑक्टोपस आणि रंगीत समुद्री गोगलगायी आहेत, हे त्यातून सामान्य मुंबईकरांनी स्वतः पाहिलं आणि आयनॅचरलिस्टवर नोंदवलं. तुमच्या गावाजवळ समुद्र असेल तर भरती-ओहोटीची वेळ पाहून तुम्हीही जाऊ शकता. भरती सुरू होण्याआधी मात्र परत फिरायचं.

इथे चूक महागात पडते

नाव चुकलं तर एरवी हसून सोडून देता येतं. पण अ‍ॅपने 'हा निरुपद्रवी' म्हटलं म्हणून हात लावाल तर जिवावर बेतू शकतं. कोन स्नेलचा सुंदर नक्षीदार शंख मुलांना उचलावासा वाटतो, पण आतल्या गोगलगायीचा विषारी दंश माणसाला मारू शकतो. स्टोनफिश तर हुबेहूब दगडासारखा दिसतो. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर येणारी निळी 'ब्लू बॉटल' वाळूत मेलेली दिसली तरी तिचे तंतू डंख करतात. म्हणून अ‍ॅपच्या भरवशावर काहीही हातात घेऊ नका आणि खाऊ तर अजिबात नका.

हात न लावण्याला दुसरंही कारण आहे. प्रवाळ, समुद्रघोडे आणि काही शंखांना आपल्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. आठवण म्हणून घरी न्यायचा तो फोटोच.

तुमचा फोटो कुणाच्या कामाचा?

व्हेल शार्कच्या अंगावरचे पांढरे ठिपके आपल्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येकाचे वेगळे असतात. ताऱ्यांच्या नकाशांसाठी तयार झालेली गणिती पद्धत वापरून अभ्यासकांनी ते जुळवायला सुरुवात केली. आता 'शार्कबुक'वर कुणीही पर्यटक फोटो देऊ शकतो. कल्ल्यांच्या मागची डावी बाजू नीट दिसली की तो शार्क याआधी कुठे दिसला होता, ते शोधता येतं. भारतात 2001 पासून व्हेल शार्कला कायद्याने संरक्षण आहे. पण संरक्षण दिलेला जीव टिकून आहे का, हे कळायला कुणीतरी तो पाहून नोंदवावा लागतो.

प्रवाळांचंही तसंच. 2024 च्या उन्हाळ्यात समुद्र तापल्याने लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. त्याआधी ते कसे दिसत होते, हे सांगायला तारीख आणि ठिकाण असलेला साधा सहलीचा फोटोही साक्षीदार ठरू शकतो. मोबाइलमध्ये पडून राहिला तर तो फक्त आपला, नोंदवला तर सगळ्यांचा.

आणि मुलीचा तो निळा-पिवळा मासा? अंगावर आडवे पिवळे-निळे पट्टे आणि डोळ्यांवर काळी पट्टी असेल तर तो एम्परर एंजलफिश. आता पुढचा फोटो बघा. गडद निळ्या अंगावर पांढरी वर्तुळं असलेला छोटा मासा दिसतोय? तो वेगळा नाही, त्याचंच पिल्लू आहे! दोघांत इतका फरक, की पूर्वी अभ्यासकांनीही पिल्लाला वेगळी प्रजाती समजून वेगळं नाव दिलं होतं.

तेव्हा पहिल्या प्रयत्नात तुमचं चुकलं तर वाईट वाटून घेऊ नका. आज रात्री जेवणं झाली की मुलीला शेजारी बसवा आणि एकच फोटो निवडा. आजीलाही बोलवा. तिचा प्रश्न अजून बाकी आहे.