खार बोलली म्हणजे

मागच्या दाराच्या पायरीवर बसून मी कोथिंबीर निवडत होते. सात वाजून गेले होते. परसात रोजचा गलका चालला होता: सातभाई वाळक्या पानांत उलथापालथ करत होते, बुलबुल पेरूवर भांडत होते, कुठेतरी तांबटाची टुकटुक. आणि एकदम सगळं गप्प झालं. शेवग्यावरची खार तेवढी बोलत राहिली. चिक्, चिक्, चिक्. एकसुरी, न थांबता. प्रत्येक चिक्‌बरोबर तिच्या शेपटीला झटका बसत होता. ती माझ्याकडे बघत नव्हती, मांजरही कुठे नव्हतं. तिचं तोंड होतं कडुनिंबाकडे. मीही तिकडे बघितलं. दोन-तीन मिनिटं नुसती पानं दिसली. मग त्या पानांतून राखाडी रंगाचं काहीतरी सुटलं, कढीपत्त्याच्या बुंध्याशी जमिनीला टेकल्यासारखं झालं आणि सरडा घेऊन कुंपणापलीकडे गेलं.

तो शिक्रा. ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याआधी वीस वर्षं मी याच पायरीवर भाजी निवडत होते आणि आमच्या परसात शिक्रा येतो हे मला माहीत नव्हतं. खारीला माहीत होतं.

आमचं घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. मागे जेमतेम तीन गुंठे जागा. एक जुना कडुनिंब, एक रायवळ आंबा, शेवगा, पेरू, आईंची जास्वंद आणि तगर, कुंपणाला घाणेरी माजलेली. बाग म्हणून कुणाला दाखवावी असं त्यात काही नाही. शिकारी पक्षी बघायचे म्हणजे गडावर जायचं, दुर्बीण लावून आभाळात घिरट्या शोधायच्या, अशी माझी कल्पना होती. घारी तशा दिसतातही. पण शिक्रा आभाळात शोधून सापडत नाही. त्याचे पंख आखूड आणि टोकाशी गोलसर, शेपूट लांब. मोकळ्या आभाळात सूर मारणाऱ्या बहिरी ससाण्याचे पंख लांब आणि टोकदार असतात, त्याचा खेळ वेगळा. शिक्र्याला फांद्यांच्या गर्दीतून वळणं घेत जायचं असतं, आणि तिथे लांब पंख अडचणच करतील. पानांआड गप्प बसायचं, भक्ष्य दिसलं की थोडक्या अंतरात जीव खाऊन झेप घ्यायची, की पुन्हा गप्प. कबुतराएवढा पक्षी. पाठ राखाडी, पोटावर तांबूस बारीक पट्टे. नराचे डोळे लालभडक, मादीचे पिवळसर. मादी अंगानं मोठी. इतकं सगळं मला आज सांगता येतं, पण पहिलं वर्षभर मी बघितले ते फक्त शेपटीवरचे पट्टे, तेही जाताजाता.

म्हणून मी शिक्रा शोधायचं सोडून दिलं आणि बाकीच्यांचं ऐकायला लागले. बुलबुल आणि सातभाई खालच्या फांद्यांवर जमून जमिनीकडे तोंड करून ओरडत असतील तर मांजर, मुंगूस नाहीतर धामण. सातभाई तर साप दिसला की सगळी भावकी गोळा करतात आणि त्याला कुंपणापर्यंत पोचवून येतात. दयाळ चर्र, चर्र असा खरबरीत आवाज काढू लागला तर त्याच्या पिल्लांच्या आसपास कुणीतरी आहे. कावळे वरून सूर लावून कुणाच्या तरी मागे लागले तर बहुतेक घार. आणि सगळं एकदम थिजलं, एखादी बारीक शिट्टी तेवढी ऐकू आली, ती कुठून आली ते कळलंच नाही, तर शिक्रा उडता आहे. ती शिट्टी कुठून आली ते कळू नये अशीच असते. शिक्र्यालाही ते कळत नाही. तो एकदा बसला, सर्वांना दिसला, की भीती ओसरते आणि शिव्या सुरू होतात. खारीची चिक्‌चिक् ही त्या शिव्यांपैकी. बसलेल्या शिक्र्याला ती सांगत असते की तू दिसलायस, आता इथे काही मिळायचं नाही. बऱ्याचदा तो खरंच उठून जातो.

दुर्बीण मी नंतर घेतली, आठ बाय बेचाळीसची. तिचा उपयोग होतो, पण परसात निम्मं काम कानांनीच होतं. उरलेलं काम बसण्याचं. रोज तीच जागा, तीच वेळ, अंगावर शक्यतो मळखाऊ रंगाचं काहीतरी. आईंनी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं, “काय गं, कुणाची वाट बघतेस?” आता त्या पलंगावरूनच ओरडतात, “अगं, खार बोलतेय!”

चूक मात्र पुष्कळ होते. पहिल्या जूनमध्ये आंब्यावर शिक्रा बसलेला मी अगदी समोर पाहिला. राखाडी पाठ, पोटावर पट्टे, शेपटीवर पट्टे. उतरताना थोडा वर झेपावला, बसल्यावर शेपूट हलवली, सातभाई पळाले. मी लगेच वहीत लिहिलं, शेजारच्या काकांना हाक मारली. काका येईपर्यंत त्या शिक्र्यानं गळा फुगवला आणि ओरडला, पेरते व्हा! काका हसून परत गेले. तो पावशा होता. आयुष्यभर ज्याचा आवाज ऐकला तो पक्षी मी कधी धड पाहिलाच नव्हता. चोच बघायला हवी होती, पावशाची चोच शिक्र्यासारखी आकडेदार नसते. पण फसलेली मी एकटी नव्हते, सातभाईही फसले होते, आणि पावशाचं पोट त्यावरच चालतं. पोट म्हणजे वंश. पावशा कोकिळेच्या कुळातला, स्वतः घरटं बांधत नाही, सातभाईंच्या घरट्यात अंडं घालतो. त्याचं अंडं निळं, सातभाईंचंही निळं. शिक्र्याचं सोंग घेतलं की सातभाई घरट्यापासून दूर पळतात आणि अंडं टाकायला फुरसत मिळते, असं अभ्यासक मानतात. आपल्याकडे शेतकऱ्याला पेरते व्हा सांगणारा हा भला पक्षी स्वतः काय पेरतो ते सातभाईंना विचारावं.

तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये शिक्र्याच्या जोडीनं कडुनिंबावर घरटं केलं. घरटं कसलं, कावळ्यासारखा काटक्यांचा ढिगारा, खालून उजेड दिसेल असा. मी खुर्ची शेवग्याच्या अलीकडे हलवली आणि त्यापुढे गेले नाही. झाडावर कुणाला चढू दिलं नाही, फोटो काढला नाही. घरट्याखाली उभं राहून आपण मान वर केली की कावळाही तिकडे मान वळवतो, एवढं मला तोवर कळलं होतं.

त्या अडीच महिन्यांत जे दिसलं ते शिकारीपेक्षा घरकामासारखंच जास्त होतं. मादी बसून. नर सकाळी काहीतरी घेऊन यायचा, पण घरट्यावर यायचा नाही. आंब्याच्या एका वाळक्या फांदीवर बसून दोन सुरांत हाक द्यायचा. मादी उठून तिथे जायची, त्याच्या पायातलं घ्यायची, खायची, परत बसायची. ती वाळकी फांदी आम्ही आदल्या दिवाळीत तोडणार होतो. माळी आला नाही म्हणून राहिली. आणलेल्यात सरडे सर्वांत जास्त. मग पाली, नाकतोडे, उंदराची पिल्लं, अधूनमधून चिमणीएवढा एखादा पक्षी. एकदा खारीचं पिल्लू. ते मी वहीत लिहिलं आणि त्या दिवशी परत बसले नाही.

पक्षी मारला गेला की मागे पिसांचं वर्तुळ राहतं. त्यावरूनही कळतं. शिकारी पक्षी पिसं उपटतो, त्यामुळे पिसाचं देठ शाबूत असतं, फार तर चोचीचा चिमटा बसलेला दिसतो. मांजर पिसं चावून तोडतं. आमच्या परसात मांजरानं मारलेलेच जास्त सापडतात, आणि त्याला घरी दूधभात मिळतो. शिक्र्याला दोष देणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

मीही एकदा दोषी ठरले. पक्ष्यांसाठी अंगणाच्या मधोमध परातीत बाजरी ठेवायची मला हौस. चिमण्या यायच्या, मुनिया यायच्या. एका सकाळी शिक्र्यानं परातीवरूनच चिमणी उचलली. आई खिडकीतच होत्या. “तू दाणे टाकलेस म्हणून ती आली,” एवढंच म्हणाल्या. शिक्र्यानं काय खावं हे ठरवणारी मी कोण, असं मी म्हटलं, पण मनाला ते पटलं नव्हतं. मोकळ्या जागेत ताट मांडून मी एका बाजूला झुकतं माप दिलं होतं. आता दाणे नाहीतच. मातीच्या परळात पाणी असतं, घाणेरीपासून एका उडीवर, रोज घासून भरलेलं. चिमणी पाणी पिते, मान वर करते, पुन्हा पिते. शिक्रा आला तर दोघांनाही संधी आहे.

मे महिन्यात घरट्यावर तीन डोकी दिसू लागली. पिल्लांच्या छातीवर आडवे पट्टे नसतात, तपकिरी उभे ओघळ असतात. उडायच्या आधी ती फांदीफांदीवर फिरतात, धडपडतात. त्यातलं एक खाली पडलं. शेजारचा मुलगा ते बुटांच्या खोक्यात घालून घेऊन आला. मोठ्या माणसांनी त्याला सांगून ठेवलं होतं की माणसाचा हात लागलेलं पिल्लू पक्षी परत घेत नाहीत. हे खोटं आहे. पिल्लाला जखम नव्हती, पंख नीट होते, खोक्यात तोंड वासून ते माझ्यावर फिसकारत होतं. मुलाला ते पाळायचं होतं. शिक्रा पाळायची रीत जुनीच, बाजदार लोक तो लवकर शिकतो म्हणून त्याला पसंत करत आणि त्याच्याकडून आपल्या भारी ससाण्यांसाठी खाणं मिळवून घेत. पण आता १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, शिक्रा त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, असं मी त्याला सांगितलं. कायद्याचा त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. मग मी म्हटलं, याला रोज सरडे कोण आणून देणार? तेव्हा तो पटकन शिडी घेऊन आला. खालच्या जाड फांदीवर पिल्लू ठेवून आम्ही दोघं घरात गेलो आणि खिडकीच्या गजांतून बघत राहिलो. मादी यायला पाऊण तास लागला.

संध्याकाळची पाळी वेगळी. दिवेलागणीला पिंगळ्याची जोडी शेवग्याच्या ढोलीबाहेर येते, माना खालीवर करते, आणि दोघांचा कलकलाट सुरू होतो. पहाटे दारात येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्याला या पक्ष्याची भाषा कळते, असा जुना समज. आईंच्या लहानपणी तो यायचा, कंदील घेऊन. मला त्या भाषेतला एकच शब्द कळतो: आमच्याकडे बघू नकोस.

गव्हाणी घुबड शेजारच्या पडक्या गोठ्यात राहतं. नावातच गव्हाण आहे आणि गोठ्यात गव्हाण अजून आहे, गुरं नाहीत. ते मी फार वेळा पाहिलेलं नाही. मी पाहते त्या गोठ्याखालच्या गोळ्या. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेले केस-हाडं करंगळीपेक्षा जाड गोळी करून ओकून टाकतं. एक गोळी जुन्या वाटीत कोमट पाण्यात भिजवली आणि चिमट्यानं उलगडली. केसांच्या लगद्यातून तीन कवट्या निघाल्या, उंदरांच्या, पटाशीचे पिवळे दात जसेच्या तसे. शिक्र्याच्या गोळीत असं काही सापडत नाही, त्याच्या पोटात हाडंही बरीचशी विरघळतात. त्या दिवसापासून आमच्याकडे उंदराचं औषध बंद झालं. ती औषधं उंदराला लगेच मारत नाहीत, रक्त गोठणं बंद पाडतात. उंदीर दोन-चार दिवस मंद होऊन उघड्यावर फिरतो आणि घुबडाला तोच आधी सापडतो. आता पिंजरा लावते. पकडलेल्या उंदराचं काय करायचं, यावरून घरात अजून वाद आहे.

जुलैच्या पावसात कडुनिंबावरचं घरटं विस्कटून खाली आलं. पिल्लं तोवर गेली होती. महिनाभर परसात त्यांच्या हाका ऐकू यायच्या, मग त्याही बंद झाल्या. यंदा त्या जोडीनं कुठे घरटं केलं, मला सापडलं नाही. पण दोन सुरांची ती हाक गेल्या मंगळवारी सकाळी आंब्यावरून आली आणि मी चहा तसाच ठेवून बाहेर धावले. साळुंक्या पेरूखालून भर्रकन उडाल्या. मी पाच मिनिटं एकेक फांदी चाळली. खार शेवग्यावर होती, पण ती काही बोलत नव्हती, शेंग कुरतडत होती. तेव्हाच मला कळायला हवं होतं. हाक पुन्हा आली, तीच, अगदी हुबेहूब, आणि या वेळी देणारा दिसला. काळाकुळकुळीत, शेपटीला खाच. साळुंकीनं टाकून दिलेला नाकतोडा उचलून तो तारेवर जाऊन बसला.

वहीत मी आधीच लिहून ठेवलं होतं: ७.१०, शिक्रा, नर. ते खोडून पुढे लिहिलं: कोतवाल.