औंढ्याची वेधशाळा आणि वॉशिंग्टनची तिजोरी

लेखांक सातवा

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा गावाच्या शिवारात होऊ घातलेली ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा केंद्र सरकारचा प्रकल्प म्हणून ओळखली जाते आणि खर्चाच्या दृष्टीने ते खरेही आहे. मात्र तिच्या काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंमध्ये बसणारी अतिसंवेदनशील यंत्रसामग्री अमेरिकेकडून यायची असल्यामुळे वॉशिंग्टनमध्ये होणाऱ्या निर्णयांशी या वेधशाळेचे भवितव्य जोडले गेले आहे. गेल्या लेखांकात अमेरिकेचे अध्यक्ष आणि तेथील विधिमंडळ, म्हणजे काँग्रेस, यांच्यातील अधिकारांची विभागणी पाहिली. कायदा आणि लोकमत मिळून धोरण प्रत्यक्षात कसे घडवतात, हे समजून घेण्यासाठी हिंगोलीच्या वाचकाला या वेधशाळेहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

अमेरिकी संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदातील नवव्या कलमानुसार कायद्याने विनियोजन झाल्याखेरीज तिजोरीतून पैसा काढता येत नाही. विनियोजन म्हणजे ठरावीक रक्कम ठरावीक कामासाठी खर्च करण्याची विधिमंडळाने दिलेली परवानगी. भारतीय संविधानातही अशीच तरतूद आहे, पण व्यवहार फार वेगळा आहे. भारतात अनुदानाची मागणी राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय मांडता येत नाही, आणि लोकसभेने सरकारच्या इच्छेविरुद्ध कपात सूचना मंजूर केली तर तो सरकारवरील अविश्वास मानला जातो; त्यामुळे मंत्रिमंडळाने ठरवलेली रक्कम बहुधा जशीच्या तशी मंजूर होते. अमेरिकेत अध्यक्षांचा अर्थसंकल्प हा केवळ प्रस्ताव असतो. प्रतिनिधीगृह आणि सिनेट यांच्या विनियोजन समित्या त्याची पाने उलटून हवे ते वाढवतात, नको ते कापतात, आणि सरकार मात्र पडत नाही. या समित्यांतील सदस्य आपापल्या मतदारसंघाला किंवा राज्याला उत्तरदायी असतात, त्यामुळे लोकमत धोरणापर्यंत पोहोचते ते बहुतेक वेळा याच दाराने.

अमेरिकेतील मूळ लायगोचा जन्मही याच दारातून झाला. गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी दोन दूरस्थ ठिकाणी शोधयंत्रे उभारण्याची ही योजना रेनर वाइस, किप थॉर्न आणि रोनाल्ड ड्रेव्हर या शास्त्रज्ञांनी मांडली होती, आणि मूलभूत संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या नियामक मंडळाने ती १९९० साली स्वीकारली. काँग्रेसने मात्र लगेच होकार दिला नाही. १९९१ मध्ये बेल प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ टोनी टायसन यांनी प्रतिनिधीगृहाच्या उपसमितीसमोर साक्ष देऊन या योजनेच्या तांत्रिक तयारीबद्दल गंभीर शंका मांडल्या, आणि एका अनिश्चित प्रयोगासाठी दुर्बिणींचा पैसा वळवला जाईल ही अनेक खगोलशास्त्रज्ञांची भीती उघड झाली. येथे लोकमत म्हणजे सर्वसामान्य मतदाराचे मत नव्हते, तर जाणकार समाजाचे मत होते, आणि तेही दुभंगलेले होते. अशा समित्यांसमोरील जाहीर सुनावणी ही अमेरिकी पद्धतीतील अत्यंत मोलाची प्रथा म्हणावी लागेल, कारण सरकारी योजनेला विरोध करणारा तज्ज्ञ तेथे कायदा घडण्याच्या प्रक्रियेचाच भाग होतो.

१९९२ च्या आरंभी वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड आणि लुईझियानातील लिव्हिंग्स्टन ही दोन ठिकाणे निवडली गेली. लुईझियानाचे सिनेटर जे. बेनेट जॉन्स्टन विनियोजनाच्या कामकाजात वजन राखून होते आणि त्यांनी या प्रकल्पाला बळ दिले. अखेर काँग्रेसने पैसा दिला. एखाद्या राज्याच्या स्वार्थावर विज्ञान उभे राहावे, हे भारतीय वाचकाला खटकू शकेल. परंतु इतर राज्यांचा स्वार्थ मागे नसला तर काय होते, हेही त्याच दशकात दिसून आले.

टेक्सासमध्ये जमिनीखाली सुमारे ८७ किलोमीटर परिघाचा महाकाय कणत्वरक उभारण्याचे काम त्या वेळी सुरू होते. जागा ठरेपर्यंत अनेक राज्ये स्पर्धेत असल्यामुळे या प्रकल्पाला देशभरातून पाठिंबा होता; १९८८ मध्ये टेक्सासची निवड होताच इतर राज्यांच्या प्रतिनिधींचे त्यातील हितसंबंध संपले. खर्चाचा अंदाज ११ अब्ज डॉलरच्या आसपास गेला आणि त्याच काळात राष्ट्रीय तुटीबद्दलचा जनक्षोभ वाढत होता. १९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तुटीवर बोट ठेवणारे अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांना जवळपास १९ टक्के मते मिळाली, आणि त्याच निवडणुकीतून प्रतिनिधीगृहात शंभराहून अधिक नवे सदस्य आले. नवनिर्वाचित अध्यक्ष क्लिंटन यांचा प्रकल्पाला पाठिंबा असतानाही काँग्रेसने ऑक्टोबर १९९३ मध्ये तो गुंडाळला. तोवर सुमारे २ अब्ज डॉलर खर्च झाले होते आणि २० किलोमीटरहून अधिक बोगदा खणून झाला होता. लायगो त्या मानाने लहान प्रकल्प होता, त्याची ठिकाणे दोन राज्यांत होती, आणि तो वाचला.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून निघालेली लहर हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथे टिपली गेली. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी या शोधाची घोषणा झाली, आणि अवघ्या सहा दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, भारताच्या मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता दिली. हा वेग विलक्षण वाटतो, पण अमेरिकेच्या बाजूची वाट आधीच मोकळी झाली होती. हॅनफर्डमध्ये दोन शोधयंत्रे बसवण्याची सुधारित योजना होती आणि २००८ पासून तिच्यासाठी काँग्रेसने मंजूर केलेला पैसा खर्च होत होता. त्यांपैकी एक यंत्र परदेशी हलवले तर आकाशातील उगमाची दिशा कितीतरी अचूक कळेल, म्हणून ते आधी ऑस्ट्रेलियाला देऊ करण्यात आले, आणि त्या देशाने नकार दिल्यावर भारताचा विचार झाला. अमेरिकेत वापरण्यासाठी मंजूर झालेल्या साधनांचा ठावठिकाणा बदलणे ही साधी बाब नव्हती. त्यासाठी ऑगस्ट २०१२ मध्ये विज्ञान प्रतिष्ठानाच्या नियामक मंडळाची संमती घ्यावी लागली. पुण्याची आयुका ही खगोलसंशोधन संस्था आणि देशभरातील गुरुत्वीय लहरींच्या अभ्यासकांचा ‘इंडिगो’ हा संघ यांनी त्याआधीपासून केलेल्या तयारीमुळेच भारत त्या संधीला पात्र ठरला, याची नोंद मराठी वाचकाने आवर्जून ठेवावी.

दिशेचा हा मुद्दा थोडा उलगडून पाहण्याजोगा आहे. एकाच शोधयंत्राला लहर आली एवढेच कळते. दोन यंत्रांपर्यंत ती पोहोचण्यातील सूक्ष्म कालांतरावरून आकाशातील एक लांबलचक पट्टा निश्चित होतो. तिसरे यंत्र तो पट्टा आखूड करते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेली लहर टिपली गेली तेव्हा इटलीतील व्हर्गो वेधशाळेची जोड मिळाल्यामुळेच जगभरच्या दुर्बिणी नेमक्या जागी वळवता आल्या. औंढ्याचे यंत्र पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला असल्यामुळे त्याची भर मोठी ठरणार आहे.

या पार्श्वभूमीवर २०२५ च्या उन्हाळ्यातील घडामोडी हिंगोलीकरांच्याही आहेत. अध्यक्ष ट्रम्प यांच्या प्रशासनाने २०२६ या वित्तीय वर्षासाठी विज्ञान प्रतिष्ठानाची तरतूद सुमारे ९ अब्ज डॉलरवरून ३.९ अब्जांपर्यंत खाली आणण्याचा प्रस्ताव मांडला आणि त्यात लायगोच्या दोनपैकी एकच वेधशाळा चालू ठेवण्याचे सुचवले. जुलैमध्ये सिनेटच्या विनियोजन समितीने प्रतिष्ठानासाठी ९ अब्ज डॉलरचा आकडा कायम ठेवला, तर प्रतिनिधीगृहाच्या बाजूने ७ अब्जांचा आकडा आला. म्हणजे अध्यक्षांच्याच पक्षाचे बहुमत असलेल्या दोन्ही सभागृहांत त्यांचा प्रस्ताव जसाच्या तसा स्वीकारला गेला नाही. मंजूर पैसा अध्यक्षांनी आपल्या मर्जीने अडवून ठेवू नये म्हणून निक्सन यांच्या काळातील अनुभवानंतर १९७४ मध्ये स्वतंत्र कायदाही झालेला आहे, आणि त्या कायद्याची मर्यादा नेमकी कोठे आहे, यावर अमेरिकेत आज तीव्र वाद चालू आहे.

भारताच्या मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये औंढ्याच्या वेधशाळेसाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले आणि ११ मे रोजी तिची पायाभरणी झाली. इमारती, निर्वात नलिका आणि मनुष्यबळ यांचा भार भारताने उचलायचा, तर शोधयंत्राचे मुख्य घटक आणि ते जुळवण्याचे कौशल्य अमेरिकेने पुरवायचे, अशी ही विभागणी आहे. यंत्राचे सुटे भाग हाती आले तरी ते जुळवण्याचा अनुभव असलेले तंत्रज्ञ हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथे नोकरीवर टिकतात की नाही, हे तेथील विनियोजन विधेयक दर वर्षी नव्याने ठरवते.