टाकळ्याची जुडी

आषाढात कामानिमित्त मुंबईस जाणे झाले. मुक्काम जोगेश्वरीला, चुलतभावाकडे. तिथली सहाव्या शतकातली लेणी पाहिली. पावसात आत पाणी गळते. म्हणाल तर फुकटचे ठिबक!

पण आम्ही रमलो ते बाजारात. टाकळा, कुर्डू यांच्या जुड्या मांडून बाया बसलेल्या आणि लोक घासाघीस करून घेत होते. कुर्डू म्हणजे आपल्या उसातले तण. त्यावर आपण टू-फोर-डी मारतो. टाकळ्याला तर जनावरही तोंड लावत नाही.

वहिनींनी कोवळी पाने खुडली, कांदा-लसूण-मिरचीवर परतली, वर ओले खोबरे. बाहेर झड, ताटात गरम भाकरी. घरात एका कोपऱ्यात गळतीखाली बादली लावलेली, तरी पहिल्या टाकळ्याचे केवढे कौतुक! आम्ही शेतकी खात्याची माणसे पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतो. सभासद उघडीप कधी म्हणून आभाळाकडे बघतो. जेवणावर लक्ष कुणाचेच नसते.

आता आडसाली लागणीची घाई आहे, ठाऊक आहे. तरी बांधावरचा टाकळा फुलावर येण्याआधी खुडून घरी न्या. मात्र तणनाशक मारलेल्या रानातला अजिबात नको.